विजेवर चालणारी सायंकाळ

वेलांटीकाकांना हे नाव आईवडिलांनी ठेवलेले नव्हते. ते इमारतीने ठेवले, आणि त्याला कारण जिन्याजवळचा सूचनाफलक. ‘उद्या पाणि येनार नाही’ अशी सूचना लागली, की काका कामावर जाता जाता खिशातले लाल पेन काढत, ‘पाणि’ दीर्घ करत, ‘येनार’मधल्या न चा ण करत, समासात रीतसर खुणा करत आणि मगच उद्या पाणी येणार नाही याचे वाईट वाटून घेत. सूचना लिहिणारे पंपसाहेब वरच्या मजल्यावर राहत. पाणीपुरवठ्याचे मोठमोठे पंप आयुष्यभर सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि आता इमारतीचे सचिव होते. आपल्या प्रत्येक सूचनेचे संध्याकाळपर्यंत रक्तबंबाळ होणे त्यांना अर्थातच आवडत नसे.

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. हे काम म्हणजे काय, ते दर नव्या ओळखीत समजावून सांगावे लागे. छापून येण्याआधी चुका काढतो, असे ते सांगत. मग समोरचा विचारी, आणि छापून आल्यावर? तेव्हा वाचक काढतात, असे काका म्हणत आणि विषय बदलत.

या धंद्यात एक खूण आहे, ती इथेच सांगून ठेवलेली बरी. शोधकाने एखादा शब्द खोडला आणि मागाहून त्याच्या लक्षात आले, की शब्द बरोबरच होता, तर तो त्या शब्दाखाली टिंबे देतो आणि समासात लिहितो, ‘असू द्या’. म्हणजे चूक नव्हती, मीच चुकलो. एकतीस वर्षांत काकांनी ही खूण किती वेळा वापरली, याचा आकडा त्यांना पाठ होता. सात. सातही प्रसंग ते तारखेनिशी सांगू शकत, पण सांगत नसत.

तर हा छापखाना एका वर्षी गावातली गल्ली सोडून टेकडीवरच्या औद्योगिक वसाहतीत गेला. नऊ किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन चढाचे. सकाळची पहिली बस आठला सुटे आणि मनात असेल तर नऊला वर पोहोचे. छापखान्यात मात्र साडेआठला छपाईच्या प्लेटा करायला घेत, आणि एकदा प्लेट झाली की पानावरची चूक ही चूक राहत नाही, ती प्रत होते. मालक तसे भले गृहस्थ होते. ते काकांना म्हणाले, की आता माझ्या भाच्याने संगणकात शुद्धलेखनाचे यंत्र बसवले आहे, ते तपासेल. तुम्ही घरी बसून पडद्यावर वाचा, गुडघ्यांनाही आराम.

काकांचा गुडघ्यांना आराम द्यायला विरोध नव्हता. पण त्या छापखान्यात एका शब्दकोशाचे काम चालले होते. चार खंडांचा कोश, त्यातले तीन काकांनी अक्षर न अक्षर वाचून, शेवटच्या पानावर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून, खाली सही करून यंत्रावर पाठवले होते. चौथा खंड ‘श’पासून ‘ज्ञ’पर्यंत. तो कागदावर वाचायचा, शेवटची सही करायची आणि मग निवृत्त व्हायचे, एवढे एकच त्यांनी आयुष्याकडून लेखी मागून घेतले होते. ज्याने ‘अ’ वाचला त्याने ‘ज्ञ’ वाचायला नको का? मालकांनाही ते पटले, पण त्यांनी अट घातली: खंड प्लेटांना जाईल त्या महिन्यात साडेआठला माणूस सहीला हजर पाहिजे. नसला तर सही यंत्राची.

इमारतीने या प्रश्नावर मनापासून विचार केला. कोणी म्हणाले, टेकडीवरच खोली घ्या. कोणी म्हणाले, पहाटे पायी निघा, तब्येतही सुधारेल. पंपसाहेबांचे मत पडले, की पाणी असो वा माणूस, वर चढवायचे म्हणजे पंप लागतो. हे ते कुचकेपणाने म्हणाले असले तरी त्या सगळ्यांत खरे सापडले ते त्यांनाच. काकांची लेक वाचनालयात नोकरीला होती. तिने ते ऐकले आणि आठ दिवसांनी घरात एक खोके आले. खोक्यात सायकलच्या पुढच्या चाकात बसवायची मोटर, बॅटरी, तारांचे भेंडोळे, एक काळी डबी आणि बारा पानांचे माहितीपुस्तक.

“बाबा, तुमचीच सायकल. फक्त चढावर कोणीतरी मागून लोटल्यासारखं वाटेल,” लेक म्हणाली.

काकू खोक्यात डोकावून म्हणाल्या, “घरातला पंखा बिघडला की माणूस बोलवावा लागतो, आणि हे मोटर बसवणार.”

काका माहितीपुस्तक वाचू लागले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काकूंच्या शब्दांत सांगायचे तर, जेवण समोर आल्यासारखा भाव होता. बारा पानांत एक्केचाळीस चुका. ‘निघण्यापूर्वी ब्रेड तपासावा.’ ‘नट घट्ट आवळावा’ऐवजी ‘नट घट्ट ओवाळावा.’ आणि नवव्या पानावर ठळक अक्षरांत, चौकटीत, धोक्याच्या चिन्हाखाली: ‘बॅटरी पाण्यात बुडवून ये.’ ‘बुडवू नये’मधला ‘न’ अर्धा इंच डावीकडे सरकला होता, एवढेच. त्या अर्ध्या इंचाने किती बॅटऱ्या बुडाल्या असतील, या विचाराने काका जेवताना दोनदा थांबले.

त्यांनी पुस्तक रीतसर शोधायला घेतले. रीतसर म्हणजे जोडीने: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पेन घेऊन पाहायचे. लेक लहानपणापासून या कामाला बसत आली होती. इतर मुले बडबडगीते म्हणत तेव्हा ती ‘स्वल्पविराम’ म्हणत असे. वाचकाने आपली अक्कल चालवायची नाही, जसे आहे तसे वाचायचे, हा काकांचा पहिला नियम. त्याप्रमाणे तिने वाचले, “मोटरीची पिवळी तार डबीच्या हिरव्या तारेला स्वल्पविराम हिरवी तार पिवळ्या तारेला व निळी निळ्या तारेला जोडावी पूर्णविराम.”

“थांब,” काका म्हणाले. “पिवळी हिरव्याला कशी असेल? निळी निळ्याला आहे ना? मग पिवळी पिवळ्याला, हिरवी हिरव्याला. अक्षरं जुळवणाऱ्याने शब्दांची अदलाबदल केलीय.”

“पण तसं लिहिलंय.”

“बॅटरी बुडवून ये, असंही लिहिलंय.”

बेचाळिसावी चूक दुरुस्त झाली.

मोटर चाकात बांधायचे काम कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मावशींकडे गेले. मावशी कमी बोलत. काकांना त्या मास्तर म्हणत. आपण मास्तर नाही हे काकांनी पूर्वी तीनदा समजावले होते. मावशींनी काकांची जुनी काळी सायकल उलटी केली, पुढचे चाक सोडवले, त्यातले आरे एकेक करून काढले आणि मोटरीभोवती नवे, आखूड आरे विणायला घेतले. काका शेजारच्या स्टुलावर बसून बघत राहिले. एक आरा वरून, एक खालून, दोन सोडून तिसऱ्यात. मग चाक फिरवून मावशी प्रत्येक आरा बोटाने छेडत, कान लावत, पान्याने पाव फेरा आवळत आणि पुन्हा छेडत. छत्तीस आरे, चार फेऱ्या. शेवटी चाक फिरवले तेव्हा ते हलते आहे की थांबले आहे, हे कळू नये इतके सरळ फिरले.

“तुम्ही कानाने शोधता,” काका म्हणाले. त्यांच्याकडून एवढी स्तुती अजून कोणा लेखकाला मिळालेली नव्हती.

“डोळ्याला एक चूक दिसते, मास्तर. कानाला तिच्या शेजारची पण ऐकू येते,” मावशी म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पंक्चर बघायला वळल्या.

तारांची जोडणी काकांनी स्वतः केली. दोन रविवार गेले. त्यांनी प्रत्येक तारेला कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सुवाच्य अक्षरात तारेचे नाव लिहिले, आणि डबीला जिथे पाच पट्ट्या एकत्र आल्या तिथे क्रमांक घालून तळटीप दिली. सगळे झाल्यावर सायकल अंगणात उतरली. इमारतीतले सगळे खाली आले होते. पंपसाहेब खुर्ची घेऊन आले होते. काकांनी पँटचा पाय मोज्यात खोचला, चष्मा पुसला, सीटवर बसून पायडल मारले.

मोटर सुरू झाली. तिने हलकासा, समाधानी सूर धरला. काका पुढे जाऊ लागले, म्हणजे मागचे चाक त्यांना पुढे नेऊ लागले. पुढचे चाक मात्र पूर्ण ताकदीने मागे फिरू लागले. सायकल जागच्या जागी थांबली आणि थरथरू लागली. काकांनी आणखी जोर लावला, मोटरीनेही लावला. अंगणाच्या मधोमध ते दोघे काही काळ समसमान राहिले. मग माणसाचे बळ संपले आणि वेलांटीकाका, ताठ बसलेले, हात हँडलवर, नजर समोर, सावकाश मागे मागे जाऊन पंपसाहेबांच्या खुर्चीला टेकले.

“पंप उलटा फिरला, की पाणी गावाकडून धरणात जातं,” पंपसाहेब म्हणाले. आवाजात आनंद नव्हता असे म्हणता येणार नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. उलटे बसून बघा. मोटर मागच्या चाकात घाला. मोटर आहे तशी राहू द्या आणि टेकडी उतरायला वापरा. काकांनी सगळे ऐकून घेतले, सायकल भिंतीला लावली आणि ते मोटर बनवणाऱ्या कारखान्याला चार पानी पत्र लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चाक हाताने फिरवून पाहिले, डबी उघडली आणि विचारले, “पुस्तकात काय लिहिलंय?”

“पुस्तकात चूक होती. मी दुरुस्त केली.”

“चाक उलटं फिरतंय ते चूक दुरुस्त केल्यापासून, की आधीपासून?”

काकांनी सायकल वळवली. ते घरी आले आणि मोटरच सदोष आहे, असे त्यांनी जाहीर केले. काकू म्हणाल्या, “तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. एक आपली सापडली तर एवढं काय होतंय?” त्यावर काकांनी जे मौन धरले ते चार दिवस टिकले. हसू नये, पण खरे सांगायचे तर त्या मौनात वेदना होती. ज्याचे सगळे भांडवल एवढेच, की याच्या नजरेतून काही सुटत नाही, त्याने आपली नजर चुकली असे म्हणायचे म्हणजे दुकानाची पाटीच उतरवायची.

याच चार दिवसांत फलकावर नवी सूचना लागली. विजेवर चालणारे प्रत्येक वाहन आवारातल्या पत्र्याखालीच ठेवावे. जिन्याखाली फक्त सायकली ठेवाव्यात. बॅटरी भरायची विजेची जोडणी जिन्याखाली होती, पत्र्याखाली नव्हती. पंपसाहेबांनी ‘वाहन’ हा शब्द मुद्दाम जाड शाईत लिहिला होता आणि या खेपेला शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घेतले होते. काका लाल पेन उघडून बराच वेळ उभे राहिले आणि पेन बंद करून वर आले. मग कळले, की वाहन नोंदणी कार्यालयात एक दाखला मिळतो: पायडल मारल्याशिवाय चालत नाही अशी सायकल ही वाहन नाही. तो आणला तर पंपसाहेबांचे काही चालणार नव्हते.

कार्यालयात चार नंबरची खिडकी. खिडकीतल्या बाई सौम्य स्वभावाच्या होत्या, आणि त्यांनी काकांना लगेच अर्ज दिला. काकांनी तो बाकावर बसून वाचला. वरच्या ओळीवर त्यांची नजर खिळली.

‘विजेवर चालणाऱ्या सायंकाळीच्या धारकाचे नाव.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली लिहिले होते: ‘सायंकाळीच्या चाकांची संख्या.’ ‘सायंकाळीचा कमाल वेग.’ आणि अर्जाच्या तळाशी, अधिकाऱ्याच्या सहीच्या वर, दाखल्याचा मजकूर: ‘सदर सायंकाळ हे वाहन नाही, असे प्रमाणित करण्यात येत आहे.’

काकांच्या हाताने आपोआप पेन काढले. नऊ ठिकाणी ‘सायकल’ झाली. अर्ज खिडकीत गेला आणि परत आला.

“काका, खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही.”

“ही खाडाखोड नाही, ही दुरुस्ती आहे.”

“दुसरा घ्या.”

दुसऱ्यात काकांनी फक्त पेन्सिलने खुणा केल्या. तोही परत. तिसरा त्यांनी जपून, हात मागे बांधून वाचला, नाव लिहिले, आणि सही करता करता ‘चाकांची’वरचा अनुस्वार फिकट उमटला होता तो गडद केला. परत. लोक पाठीमागून सुस्कारे सोडू लागले. बाई म्हणाल्या, “हजार छापून घेतलेत, काका. संपले की नवे येतील. तोवर सगळ्यांच्या सायंकाळीच आहेत.”

दुसऱ्या दिवशी लेक अर्ध्या दिवसाची रजा काढून बरोबर गेली. तिने खिडकीजवळ हात पुढे केला; काकांनी लाल पेन तिच्या हातावर ठेवले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नऊ ढळढळीत चुका जिवंत ठेवून त्यांच्याखाली सही केली. शिक्का बसला. कागद हातात आला. लेकीला हसू आवरत नव्हते. “बाबा, तुम्ही आता अधिकृतपणे एका संध्याकाळचे धारक.”

काका हसले नाहीत. ते कागदाच्या अगदी तळाशी बघत होते, जिथे मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रकाचे नाव आणि छपाईची तारीख असते आणि ती मुद्रितशोधकांखेरीज जगात कोणी वाचत नाही. नाव त्यांच्याच छापखान्याचे होते. तारीख गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारची. त्या मंगळवारी बस सव्वानऊला पोहोचली होती.

घरी येऊन, हात-पाय धुऊन खुर्चीत बसल्यावर त्यांनी लेकीला सगळे उलगडून सांगितले. यंत्राला ‘सायकलीच्या’ हा शब्द ओळखीचा वाटला नाही, म्हणून त्याने जवळचा ओळखीचा शब्द घातला. मी वेळेवर असतो तर अडवला असता. आणि आता सोमवारी कोशाची ‘सा’ची पाने प्लेटांना जाणार. त्यांवरूनही हे यंत्र फिरणार.

“फोन करा ना.”

“आल्याआल्याच केला. मालक म्हणतात, यंत्र एकदा चुकलं, पुन्हा चुकणार नाही. पण पुन्हा न चुकणं हे फक्त माणसाला जमतं, आणि त्यालाही क्वचित.” बोलता बोलता त्यांची नजर बाहेर गेली. खिडकीतून अंगण दिसत होते, आणि भिंतीला लावलेली सायकल. “ते माहितीपुस्तक आण. सहावं पान. जसं आहे तसं वाच.”

लेकीने वाचले, काकांची लाल दुरुस्ती सोडून, मूळ छापलेले. पिवळी तार हिरव्या तारेला, स्वल्पविराम. काका ऐकत राहिले. मग खाली जाऊन त्यांनी डबी उघडली, दोन तारांची अदलाबदल केली, सायकल स्टँडवर उभी करून हाताने पायडल फिरवले. चाक पुढे फिरले. इतके सरळ, की हलते आहे की थांबले आहे ते कळू नये. वर येऊन त्यांनी पुस्तकातल्या त्या ओळीखाली टिंबे दिली आणि समासात लिहिले, ‘असू द्या’. आठवी.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. न मागता त्यांनी चहा आणून ठेवला. त्यांनाही कधी कधी ‘असू द्या’ म्हणणे जमत असे.

सोमवारी सकाळी साडेसातला वेलांटीकाका निघाले. कॅरिअरला पिशवी, पिशवीत आदल्या आठवड्यात वाचलेली पाने, वरच्या खिशात दाखला. सहा किलोमीटर सपाटीचे कसे गेले ते कळले नाही. मग चढ आला. बसच्या खिडकीतून काकांनी तो शंभरदा पाहिला होता. सायकलवरून तो भिंतीसारखा दिसला. त्यांनी पायडल मारले, मोटरीने आपला सूर धरला, आणि लेक म्हणाली होती तसेच झाले: कोणीतरी मागून सीटला हात लावून, धापा न टाकता, बरोबर धावू लागले. काकांना हा हात ओळखीचा वाटला, कारण पंचवीस वर्षांपूर्वी एका लहान सायकलीच्या सीटला तो त्यांचाच होता. गुडघे कुरकुरले नाहीत. एका वळणावर त्यांनी आठची बस येते आहे का म्हणून मागे वळून पाहिले. रस्ता रिकामा होता. त्या रिकाम्या रस्त्याकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, “पूर्णविराम.”

तो जरा लवकर दिला गेला. वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. बस येथून रोज विनाचौकशी आत जात असे. पण चाकात मोटर आहे आणि नंबराची पाटी नाही, असे काही आत सोडायचे नाही, असा नियम होता. काकांनी घड्याळ पाहिले, आठ वाजून सोळा, आणि दाखला पुढे केला. पहारेकऱ्याने तो सावकाश, बोट फिरवत वाचला. मग त्याने आकाशाकडे पाहिले.

“साहेब, हा संध्याकाळचा पास आहे.”

“नाही, ते सायकलचंच—”

“सायंकाळ लिहिलंय नऊ वेळा. आत्ता सकाळ आहे. संध्याकाळी या, अडवणार नाही.”

तो थट्टा करत नव्हता. जसे आहे तसे वाचत होता. काकांना त्याच्याबद्दल क्षणभर आदरच वाटला. मग त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि चष्मा काढून हातात घेतला.

“छपाईची चूक आहे,” ते म्हणाले.

“कोणाची?”

आठ वाजून वीस. यंत्राची, भाच्याची, बसची, मालकांची. नावे तोंडाशी होती आणि सगळी थोडीथोडी खरी होती.

“माझी,” काका म्हणाले. “हा कागद आमच्याकडे छापला. तो तपासणं माझं काम होतं, मी उशिरा आलो. आज पुन्हा तसंच छापलं जाईल, आणि ते हजार प्रती छापून संपणार नाही, घराघरांत राहील. हे एवढं असू द्या.”

पहारेकऱ्याने कागद घडी करून परत दिला. “चूक माझी, असं या फाटकावर आजवर कोणी म्हटलं नाही,” तो म्हणाला आणि आडवा दांडा वर केला. “चढ आहे पुढं थोडा. दमाने जा.”

छापखान्यात भाचा प्लेटेच्या यंत्राशी उभा होता. काका आत आले तेव्हा साडेआठला दोन मिनिटे कमी होती. पानाची शेवटची प्रत टेबलावर होती. काकांनी उभ्याउभ्याच बोट ठेवले. ‘सायंकाळ : स्त्री. दिवस मावळण्याची वेळ.’ आणि त्याच्या खाली, नव्या ओळीवर: ‘सायंकाळ : स्त्री. दोन चाकांचे, पायांनी चालवायचे वाहन.’

भाच्याने वाचले आणि त्याचे कान लाल झाले. “यंत्राला दोन्ही शब्द बरोबर वाटले, काका.”

“दोन्ही बरोबरच आहेत. फक्त एकाने दुसऱ्याची जागा घेतलीय.” काकांनी खालचा शब्द खोडला, समासात ‘सायकल’ लिहिले, पान दुरुस्त होऊन पुन्हा निघेपर्यंत पेन हातात धरून वाट पाहिली, आणि मग सही केली. मालक मागे येऊन उभे राहिले होते. यंत्राबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. उलट काकांची खुर्ची खिडकीजवळ सरकवायला त्यांनीच हात लावला.

चौथा खंड ‘ज्ञ’पर्यंत निघायला आणखी पाच आठवडे लागले. त्यातल्या एकाही सकाळी काकांना उशीर झाला नाही. संध्याकाळी उतारावरून येताना ते पुढचा दिवा लावत, आणि इमारतीच्या वळणावर तो दिवा दिसला, की पंपसाहेब गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणत, “आली हो सायंकाळ.” दाखला त्यांनी स्वतः हातात घेऊन वाचला होता. इतके हसले होते, की जिन्याखालच्या विजेच्या जोडणीला दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खर्चाने नवे झाकण बसवून दिले.

निवृत्तीनंतरही कित्येक वर्षे काका सायकल चालवत. वाचनालयात जायला, मावशींकडून आरे तपासून घ्यायला, कधी नुसतेच चढ चढून फाटकापर्यंत. पहारेकरी सलाम करी आणि विचारी, आज काही चुकलं का?

मागच्या थंडीत काका गेले.

सायकल आता लेक चालवते. महिन्याभराने पंपसाहेबांनी जिन्यात तिला गाठले आणि खाली बघत सांगितले, की दाखल्यावर नाव जुने आहे. नियमाने बदलून घ्यावे लागेल, घाई नाही. फलकावर त्यांचीच सूचना होती, ‘उद्या विज जानार आहे.’ दोन चुका आठवडाभर तशाच होत्या. त्यांनीच त्या तशा ठेवल्या असाव्यात, असे तिला वाटले.

ती चार नंबरच्या खिडकीत गेली. त्याच बाई, केस पांढरे झालेल्या. नवे अर्ज आले होते. त्यांवर सगळीकडे ‘सायकल’ स्वच्छ छापलेली होती. बाईंनी जुना दाखला हातात घेतला, ओळखला, आणि धारकाच्या नावावर आडवी रेघ मारली. रीतच आहे, आधी जुने नाव खोडायचे, मग नवे लिहायचे. मग म्हणाल्या, “नाव सांगा.”

लेकीने पर्स उघडली. याच खिडकीपाशी काकांनी हातावर ठेवलेले लाल पेन तिच्याकडेच राहिले होते, त्या दिवसापासून; त्यांनी मग दुसरे घेतले होते. तिने दाखला आपल्याकडे ओढला, खोडलेल्या नावाखाली एका ओळीत टिंबे दिली आणि समासात दोन शब्द लिहिले.

बाईंनी वाचले. “खाडाखोड चालत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी शिक्का उचलला आणि तिच्या अक्षराशेजारी, समासात, उमटवला.